दाराची आतली बाजू

फेर्नांदने पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, 'ईस्टरला येऊ नकोस.' म्हणून ह्युगेत ईस्टरच्या तीन आठवडे आधीच आली.

रविवारची प्रार्थना आटोपून लोक चर्चच्या पायऱ्या उतरत होते. मार्च अर्धा सरला होता, रस्त्याच्या कडेला बर्फाचा राडा झाला होता आणि त्या राड्यात धाकट्या बहिणीची हिरवी गाडी उभी. ह्युगेत गाडीला टेकून सिगारेट ओढत होती. बावन्न वर्षांची बाई, आणि डोक्यावर पुरुषी टोपी. फेर्नांदने आईचा दंड घट्ट धरला आणि तिला बाजूच्या पायऱ्यांकडे वळवायला लागली, पण उशीर झाला होता.

"अगं बाई, मादाम सिकार!" खाटकाची बायको वरूनच ओरडली. "काय हो, आज भाडेकरूंना पाव मोजून देणार की बटाटे?"

लोक हसले. ह्युगेतही हसली, टोपी उचलून तिनं सगळ्यांना मुजरा केला. खाटकाची बायको मग म्हातारीकडे वळली. "आल्फोन्सीनबाई, मी तर आमच्या यांना म्हटलं, ही ह्युगेत नव्हेच, ही तर हुबेहूब—"

"वारा गार आहे," फेर्नांद मध्येच म्हणाली. "आईंना खोकला झालाय."

"मला कुठे खोकला झालाय?" आल्फोन्सीन म्हणाली.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या बाईला गेल्या पाच वर्षांत साधं पडसंही झालं नव्हतं. ती फेर्नांदचा हात सोडवून सरळ राड्यातून चालत गेली आणि ह्युगेतसमोर गाल पुढे करून उभी राहिली. ह्युगेतने दोन्ही गालांचे मुके घेतले. "आई, तू बारीक झालीस."

'तू'. फेर्नांद बासष्ट वर्षांची होती, भाऊ रेआल अठ्ठावन्नचा, आणि दोघांनी जन्मात आईला 'तुम्ही' सोडून काही म्हटलं नव्हतं. मॉन्ट्रियलला गेली आणि ही एकेरीवर आली, हे फेर्नांदला तीस वर्षांपासून खुपत होतं. पण आज ते सर्वात लहान दुखणं होतं.

मोठं दुखणं दर बुधवारी संध्याकाळी आठला लागायचं. 'धबधब्याखालची माणसं' ही मालिका जानेवारीत सुरू झाली आणि पहिल्या महिन्यातच अख्खा प्रांत तिच्यामागे वेडा झाला. गोष्ट कागदाच्या गिरणीच्या गावातली, म्हणजे त्यांच्या सेंत-ओदीलसारख्याच गावातली. ह्युगेत त्यात मादाम सिकार होती. गिरणी कामगारांना खोल्या भाड्याने देणारी, पावाचे तुकडे मोजणारी, कोणालाच न आवडणारी बाई. त्याबद्दल फेर्नांदची तक्रार नव्हती. नटीला कोणी तरी व्हावंच लागतं. पण दुसऱ्या भागात मादाम सिकारने जेवणानंतर टेबलावरचा पावाचा चुरा तळहाताच्या कडेनं गोळा केला, ओंजळीत घेतला आणि तोंडात टाकला, तशी फेर्नांद खुर्चीतून उठली होती. तिसऱ्या भागात त्या बाईला राग आला आणि तिनं दोन बोटं गळ्याच्या बटणावर ठेवली. चौथ्यात नकार देण्याआधी घसा खाकरला. आल्फोन्सीन गोद्रोचा घसा, आल्फोन्सीन गोद्रोची बोटं. एका गावात माणूस साठ वर्षं राहिलं की त्याची खाकर लोकांना पाठ असते. वाण्याच्या दुकानात, डाकघरात, जो तो फेर्नांदला म्हणे, "तुमच्या आईला टीव्हीवर बघितलं हो!"

फेर्नांदने मग दोन गोष्टी केल्या. ह्युगेतला पत्र टाकलं, आणि रेआलला सांगून आईच्या टीव्हीची तार काढून नेली. "टीव्ही बिघडलाय आई, दुरुस्तीवाला बघतो म्हणालाय." तो दुरुस्तीवाला पाच आठवडे बघतच होता.

*

रेआल हॅम कापत होता. सेंत-ओदीलच्या गिरणीत छत्तीस वर्षं यंत्रं चालवलेला माणूस, सुरीसुद्धा यंत्रासारखी चालवायचा, एकसारखे काप पाडत. त्याची बायको जिझेल मेपलच्या पाकाचं भांडं टेबलावर ठेवत होती. आईच्या घरचं रविवारचं जेवण बारा वाजता असे, वडील होते तेव्हापासून.

"तर," ह्युगेत म्हणाली, "मी येत्या बुधवारचा भाग कॅसेटवर आणलाय."

सुरी थांबली. रेआलने आधी फेर्नांदकडे पाहिलं. तो लहानपणापासून आधी फेर्नांदकडेच पाहायचा.

"टीव्ही बिघडलाय," फेर्नांद म्हणाली.

"हो, तार..." रेआल म्हणाला, आणि जीभ चावली.

आल्फोन्सीनने सूप संपवलं, चमचा ताटलीत आडवा ठेवला. "टीव्हीला काही झालेलं नाही. तार रेआलच्या गॅरेजमध्ये आहे, रंगाच्या डब्यामागे. जा, घेऊन ये. आणि तुमचं ते कॅसेटचं यंत्रही आण."

रेआलने चर्चमधल्या एका पवित्र भांड्याचं नाव घेतलं, जे प्रार्थनेत घेतलं तर पुण्य आणि एरवी शिवी. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

जिझेल हॅमवर पाक ओतत होती. गरजेपेक्षा बराच जास्त ओतत होती.

"जिझेल!"

"मग काय करू?" जिझेल म्हणाली. "सासूबाईंचा फोन येतो बुधवारी नऊला. काय काय झालं विचारतात. खोटं बोलू? सगळं सांगते मी. कोण आलं, कोण गेलं, कोणी काय घातलं होतं."

"पाच आठवडे?" फेर्नांदचा आवाज चढला. "आणि ती बाई कोणासारखी दिसते तेही सांगितलंस?"

"ते तर पहिल्यांदा सांगितलं."

फेर्नांदने रुमाल टेबलावर टाकला आणि उठून मागच्या कोठीघरात गेली. बटाट्याची पोती, लोणच्याच्या बरण्या. तिथं हिवाळाभर बर्फासारखा गारठा असे. तिला वाटलं होतं, रेआल मागे येईल. आली ह्युगेत.

"जा तू," फेर्नांद म्हणाली. "जिझेल तुझी, आईही तुझी. भाऊही होईल संध्याकाळपर्यंत."

"फेर्नांद, भांडायला नाही आले मी."

"तू आईंना बाजारात मांडलंस. रोज सूप घेऊन मी येते इथं. त्यांची नखं मी कापते. तू वर्षातून दोनदा येतेस, त्यांच्याकडे टक लावून बघतेस, आणि नेतेस. मला वाटायचं, माया आहे पोरीला, किती बघते आईकडे! माप घेत होतीस तू. शिंप्यासारखी."

हे ह्युगेतला लागलं. ते पुष्कळसं खरं होतं. ती बरण्यांकडे बघत राहिली. "माप घेत होते," ती म्हणाली. "पण वाईट दाखवायला नाही गं. कागदावर ती बाई नुसती खाष्ट होती. आत काहीच नव्हतं. पावाचे तुकडे मोजणारी बाई मला कळेना. मग मी म्हटलं, आपल्याकडे कोण मोजायचं? आई मोजायची. का मोजायची, ते मला माहीत होतं. तो चुरा तोंडात टाकल्यावर मादाम सिकार पहिल्यांदा मला उपाशी राहिलेली बाई वाटली. आता लोकांची पत्रं येतात मला. 'आमची आईही चुरा खायची,' म्हणून लिहितात."

"पत्रं येतात."

"येतात. पण मी त्यासाठी नाही आले. या भागात एक दार आहे."

 फेर्नांदचा हात बटाट्याच्या पोत्यावर होता, तो तिनं काढून घेतला.

"लेखकाला काही माहीत नाही," ह्युगेत घाईनं म्हणाली. "मी कोणालाही सांगितलेलं नाही. त्याच्या गोष्टीत मुलगी नवऱ्याला सोडून येते. वेगळीच गोष्ट आहे. पण दार आहे, फेर्नांद. बुधवारी सगळ्यांच्या आधी तू बघावंस, म्हणून आले."

"तू कुठे होतीस त्या दिवशी?"

"जिन्यात."

त्रेचाळीस वर्षांत त्या दिवसाबद्दल दोघींमध्ये झालेलं हे पहिलं बोलणं.

*

एक्कावन्न सालचा नोव्हेंबर. फेर्नांद तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि दोन वर्षं मठात होती. ती मठात गेली त्या रविवारी पाद्र्याने वेदीवरून गोद्रो घराण्याचं नाव घेतलं होतं: या कुटुंबानं आपली कन्या देवाला दिली. आई त्यानंतर गावात मान जरा वर करून चालायला लागली, आणि पुढच्या बाकावर बसायला लागली.

मठात फेर्नांदला कोणी छळलं नव्हतं. तिला फक्त दोन वर्षांनी एका सकाळी कळलं की आपल्याला इथं राहायचं नाही. प्रमुख साध्वींनी आठवडाभर समजावलं, मग एक करडा कोट दिला, पुठ्ठ्याची पेटी दिली, गाडीचं तिकीट दिलं आणि घरी पत्र टाकलं. दुपारी अडीचला ती या घराच्या पुढच्या दारात उभी होती. डोक्यावरचे केस मुलासारखे कापलेले. आईनं दार उघडलं. घसा खाकरला.

"इथं तुझी खोली नाही आता. देवाला दिलेलं परत घेत नाहीत."

आणि दार लागलं.

फेर्नांद शाविनिगनला मावशीकडे गेली, कापड गिरणीत लागली, ल्युसिएन भेटला, लग्न झालं. वडील गेल्यावर ती नवऱ्यासह गावात परतली, आईच्या शेजारचंच घर घेतलं. ल्युसिएन वारल्यावर तर ती आईकडेच जास्त असे. दोघींनी मिळून हजारो बटाटे सोलले असतील. त्या दाराबद्दल मात्र एक अक्षर नाही. रेआलला एवढंच माहीत होतं की फेर्नांद मठ सोडून शाविनिगनला 'राहायला गेली'. त्या नोव्हेंबरात तो काकांबरोबर जंगलात, लाकूडतोडीच्या तळावर होता, आणि परत आल्यावर वडिलांनी त्याला हेच वाक्य सांगितलं होतं.

*

रेआलने तार जोडली, यंत्र जोडलं, पडदे ओढले. बैठकीच्या खोलीत दुपारचे दोन वाजले असताना तिन्हीसांज झाल्यासारखी वाटली. आई तिच्या उंच पाठीच्या खुर्चीत. जिझेल मांडीवर सफरचंद-पाईची ताटली घेऊन. फेर्नांद बसायला तयार नव्हती, ती दाराच्या चौकटीशी उभी राहिली, हात बांधून.

भाग चांगला होता. गिरणीत संपाची कुजबुज, कोणाचं तरी प्रेमप्रकरण. रेआलला त्यातली यंत्रं चुकीची वाटत होती आणि तो तसं म्हणत होता. "त्या रुळाच्या एवढ्या जवळ कोणी उभं राहतं का? हात जाईल त्याचा!" जिझेल त्याला गप्प करत होती.

मग मादाम सिकारच्या घराची घंटा वाजली.

पडद्यावर बाहेर मुलगी उभी होती, भिजलेली, हातात बॅग. मादाम सिकारने दार उघडलं. मुलगी म्हणाली, "मी परत आले, आई."  मादाम सिकारने मुलीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग हात पुढे केला. आता ही मारणार, असं रेआलला वाटलं. पण तिनं मुलीच्या कोटाची दुमडलेली कॉलर सरळ केली. शाळेत पाठवताना करतात तशी. आणि कॉलर सरळ करता करता, अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुझं घर तिकडे आहे. इथं नाही."

दार लावलं. आपटलं नाही, लावलं. कॅमेरा आतच राहिला.

तिचा हात कडीवरच होता. ती कडी सोडत नव्हती. दाराला टेकली नाही, रडली नाही. पाठमोरी, ताठ, नुसती कडी धरून उभी. दहा सेकंदं, वीस सेकंदं. रेआलला वाटलं, कॅसेट अडकली. मग त्याला पडद्यावर त्या हाताची मधली बोटं पांढरी पडलेली दिसली. मागून कुठल्या तरी भाडेकरूनं हाक मारली, "मादाम, कॉफी आहे का?" तिनं तेव्हा कडी सोडली, वळली, आणि चेहरा पूर्ण कोरा ठेवून म्हणाली, "आहे."

जिझेलच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "अगं ह्युगेत," ती म्हणाली, "अगं, ही बाई... मला वाटलं होतं, मी हिचा तिरस्कार करते."

रेआल बहिणींकडे आलटून पालटून बघत होता. चौकटीशी उभ्या फेर्नांदचा चेहरा पाहून त्याला कळायला लागलं होतं की शाविनिगनला 'राहायला जाणं' म्हणजे काय होतं. त्यानं यंत्र बंद केलं. मग उठून पडदे उघडले, कारण काय करावं ते त्याला सुचेना.

"कॉलर नव्हती," फेर्नांद म्हणाली. "कॉलर तू घातलीस."

"हो," ह्युगेत म्हणाली. "कॉलर माझी."

"आणि कडी?"

ह्युगेतने आईकडे पाहिलं. आल्फोन्सीन बंद पडद्याकडे बघत होती. तेव्हा ह्युगेतच बोलायला लागली. ती पडद्यावर कितीही ठाम असली तरी घरात बोलताना अडखळायची. "कागदावर होतं, मादाम सिकार थोबाडीत मारते, ओरडते, दार आपटते. तीन वेळा केलं मी तसं. दिग्दर्शक खूश होता. मला मात्र खोटं वाटत होतं. मग मी म्हटलं, एकदा माझ्या पद्धतीनं करू द्या. दार लावलं आणि... हात तिथंच राहिला. मला आठवलं, आई अशीच उभी होती. मी जिन्याच्या वळणावर होते, मला तिची पाठ दिसत होती. नऊ वर्षांची होते मी. मला वाटलं होतं, फेर्नांद ढकलून आत येईल म्हणून आई दार धरून उभी आहे."

फेर्नांदने बांधलेले हात सोडले.

"चाळीस वर्षं मी तसंच समजत होते. पण तिथं उभं राहिल्यावर कळलं, की तसं नव्हतं. दार दाबून धरायचं असेल तर माणूस खांदा लावतं, अंग टेकवतं. तू टेकली नव्हतीस, आई. सरळ उभी होतीस. कडी धरणारं माणूस दार बंद ठेवत नाही. तेवढं माझ्या हाताला कळलं. त्यापुढचं मला माहीत नव्हतं, अजून माहीत नाही. मी फक्त हात काढला नाही. दिग्दर्शक ओरडत होता, हात काढ, पुढे चल. मी नाही काढला."

"पुष्कळ वेळ धरलीस," आल्फोन्सीन म्हणाली.

"जास्त झालं?"

"नाही. मी त्याहून जास्त धरली होती."

*

आल्फोन्सीनला हे कधी कोणाला सांगायचं नव्हतं. लाज वाटत होती असं नाही. एवढी वर्षं न सांगता राहता येतं, हे एकदा कळलं की मग सांगायचं कारण उरत नाही. पण ही धाकटी अर्धंच घेऊन आली होती. अर्धं तसंच सोडून देणं तिला बरं वाटेना.

"तुमचे वडील टेबलाशी बसले होते," ती म्हणाली. "गिरणीतून लवकर आले होते त्या दिवशी. सूप पीत होते."

"त्यांनी सांगितलं होतं तुम्हाला दार लावायला?" रेआलने विचारलं. त्याच्या आवाजात आशा होती.

"ओव्हिलावर, तुझ्या बापावर, ढकलू नकोस. तो एक शब्द बोलला नव्हता. बोललेलं सगळं माझं. गावात मिरवत मीच होते ना? पुढच्या बाकावर मी बसत होते. मठाचं पत्र आलं तेव्हा मला पोरीचं काय होईल हे सुचलंच नाही. बाकाचं काय होईल, हे सुचलं."

जिझेलने ताटली खाली ठेवली.

"दार लावलं, आणि लावल्या लावल्या कळलं, चुकलं. एवढंसं वळवायचं होतं." तिनं मनगट वळवून दाखवलं. "पण मागे तो बसला होता. दार उघडलं असतं तर त्याला दिसलं असतं. कडी सोडून वळले असते तरी त्याला माझं तोंड दिसलं असतं. म्हणून मी हलेनाच. त्याला दिसू द्यायचं नव्हतं, बस."

"काय दिसू द्यायचं नव्हतं?" फेर्नांदने विचारलं. चौकट सोडून ती पहिल्यांदा खोलीत आली होती.

"की मी चुकले म्हणून. नवऱ्यासमोर मी कधी चुकले नव्हते."

बाहेर छपरावरचं बर्फ घसरून धप्पकन अंगणात पडलं. 

"मग?"

"मग तो म्हणाला, 'आल्फोन्सीन, सूप गार होतंय.' तोवर माझा चेहरा ठीक झाला होता. मी वळले."

फेर्नांद आईच्या समोरच्या खुर्चीवर बसली.  "मी थांबले नव्हते हो," ती म्हणाली. "तुम्ही उघडलंच असतं, तरी मी तिथं नव्हते. मी लगेच निघाले. मला राग आला होता, आणि परतीची गाडी साडेतीनची होती. मी पुलापर्यंत पोहोचले असेन तोवर."

"पोहोचलीच असशील. तू भरभर चालायचीस."

"म्हणजे तुम्ही उगाचच उभ्या होतात."

"उगाचच," आल्फोन्सीन म्हणाली.

फेर्नांदला हसू आलं की रडू, ते रेआलला कळलं नाही. तिनं तोंडावर हात धरला होता आणि खांदे हलत होते. रेआल पुढे झाला, पण जिझेलने त्याची बाही ओढून त्याला बसवलं. थोड्या वेळानं फेर्नांदने हात काढला. चेहरा ओला होता, पण आवाज नेहमीचा, वाण्याशी भाव करतानाचा.

"आणि हिचं पुढे काय होतं? तुझ्या मादाम सिकारचं? घेते पोरीला घरात?"

"लिहिलेलं नाही अजून," ह्युगेत म्हणाली. "आधी ठरलं होतं, सोळाव्या भागात ती जिन्यावरून पडून मरते. हा प्रसंग बघितल्यावर लेखक म्हणाला, या बाईला आता मारता येणार नाही. पानं फाडली त्यानं. आता मलाच विचारतो, पुढे काय? मला सांगता येत नाही. दार उघडून मिठी मारली, तर सगळं वाया जाईल."

"मिठी नको," फेर्नांद आणि आल्फोन्सीन एकदमच म्हणाल्या.

"वडील गेले तेव्हा मी कशी आले, तुला माहीत आहे?" फेर्नांदने विचारलं.

"नाही. मी मॉन्ट्रियलहून रात्रीच्या गाडीनं आले. मी आले तेव्हा तू घरातच होतीस. मला वाटलं, बोलावलं असेल."

"कोण बोलावणार? मृत्यूची बातमी मी वर्तमानपत्रात वाचली. पुढच्या दाराशी माणसांची रीघ होती, तिथून मला यायचं नव्हतं. मी मागून आले, स्वयंपाकघरातून. आत कोणी नव्हतं. ओट्यावर ही एवढी खरकटी भांडी. मी कोट काढला आणि घासायला लागले. काय करणार दुसरं? तेवढ्यात ह्या आल्या."

"चहाची किटली न्यायला आले होते," आल्फोन्सीन म्हणाली.

"बारा वर्षांनी बघत होत्या मला. ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. किटली खाली ठेवली, कंबरेचं एप्रन सोडलं, आणि माझ्यापुढे धरलं."

"चांगला झगा होता तुझा. काळा. पाणी उडत होतं."

"मी ते बांधलं. बस. एवढंच झालं आमचं."

 ह्युगेतचे हात मांडीवर होते, आणि बोटं नकळत हलत होती, गाठ सोडल्यासारखी. तिच्या ते लक्षात आलं तसे तिनं हात एकमेकांत अडकवले. "हे मी घेऊ का?" तिनं विचारलं. आजवर तिनं कधी विचारलं नव्हतं.

फेर्नांदने मान आईकडे वळवली. "आईंना विचार."

"मला काय विचारायचं? झगा तिचा होता," आल्फोन्सीन म्हणाली.

"घे," फेर्नांद म्हणाली. "पण रडायचं नाही त्यात. त्या पोरीनंही नाही. आणि भांडी खरंच खरकटी असू देत. तुमच्या मालिकेत ओट्यावरची भांडी नेहमी धुतलेलीच असतात, मग ती पुन्हा धुतात. कोणाच्या घरी असं असतं?"

"हे मी पहिल्या दिवसापासून म्हणतेय," जिझेल म्हणाली.

"आणि पाणी कढत," आल्फोन्सीन म्हणाली. "मनगटापर्यंत लाल झाले होते हात. तरी बाहेर काढत नव्हती."

फेर्नांद आईकडे वळली. "तुम्ही बघितलं होतं ते?"

"बघत नव्हते. दिसलं."

फेर्नांदने खुर्ची सरकवून आईच्या जवळ घेतली आणि धाकटीला म्हणाली, "मग बसलीस काय? लिहून घे. पाणी कढत."